दुसरा बाण मेंदूत कुठे लागतो?

‘ध्यान करा, वेदना नाहीशी होईल’ असे संदेश मोबाइलवर सतत फिरत असतात आणि खाली बहुधा बुद्धांचं चित्र असतं. पाली साहित्यातले बुद्ध मात्र असं काही म्हणत नाहीत. दीघ निकाय या ग्रंथातल्या संगीति सुत्तात (सुत्त म्हणजे उपदेश) ते सरळ सांगतात की पाठ दुखते आहे, जरा आडवा होतो, आणि भिक्खूंना धम्म सांगायचं काम आपले प्रमुख शिष्य सारिपुत्त यांच्यावर सोपवतात.

दुःखाशी वागायचं कसं, याबद्दलचं त्यांचं म्हणणं संयुत्त निकायातल्या सल्ल सुत्तात आहे. शरीराला दुखतं ते सगळ्यांनाच. पण ज्याने मनाचा अभ्यास केलेला नाही तो शोक करतो, छाती बडवून घेतो. म्हणजे एक बाण लागलेला असतानाच त्याला दुसरा लागतो. अभ्यास केलेल्याला लागतो तो पहिलाच. आता प्रश्न असा, की हे दोन बाण शरीरात खरोखर वेगळे काढता येतात का?

इथे एक गफलत नेहमी होते. पायाला जोरात ठेच लागली की आधी तीक्ष्ण कळ येते आणि क्षणभराने ठसठस सुरू होते. कळ नेणारे ‘ए-डेल्टा’ मज्जातंतू संदेश सेकंदाला साधारण 5 ते 30 मीटर वेगाने पाठवतात, तर ठसठस नेणारे ‘सी’ तंतू जेमतेम अर्धा ते 2 मीटर. शरीरशास्त्रात त्यांना पहिली आणि दुसरी वेदना म्हणतातही. पण याचा सुत्ताशी संबंध नाही. हे दोन्ही मिळून पहिलाच बाण.

खरी फाळणी होते ती मेंदूत. मज्जारज्जूतून वर गेलेला संदेश थॅलॅमस या मेंदूच्या मध्यभागातल्या केंद्रापाशी पोहोचतो आणि तिथून वेगवेगळ्या वाटांनी पसरतो. एक वाट सोमॅटोसेन्सरी कॉर्टेक्सकडे, म्हणजे स्पर्श ओळखणाऱ्या भागाकडे जाते: कुठे दुखतंय, किती, कशा प्रकारचं. दुसरी इन्सुला आणि अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स या भागांकडे, जिथे ‘हे नको आहे’ ही भावना आकार घेते. 1928 साली शिल्डर आणि स्टेंगेल यांनी मेंदूला इजा झालेल्या अशा रुग्णाचं वर्णन केलं, ज्याला टोचलेलं कळायचं, पण त्याचं काहीच वाटायचं नाही. तो स्वतःला वाचवायलाही धडपडत नसे, हे महत्त्वाचं. ‘नको’ची भावना मुळातून गेली तर ते शहाणपण नव्हे, आजार आहे.

1997 साली रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग मला फार देखणा वाटतो. निरोगी लोकांनी 47 अंश सेल्सिअसच्या पाण्यात हात बुडवला. संमोहनातून त्यांना एवढंच सुचवलं गेलं की हे जास्त त्रासदायक आहे, किंवा कमी. पाणी तेच, चटक्याची तीव्रताही लोकांनी जवळपास तीच सांगितली. त्रास मात्र सूचनेप्रमाणे वाढला-घटला. मेंदूच्या चित्रांतही सिंग्युलेटची हालचाल त्रासाच्या मापाने बदलत गेली. सोमॅटोसेन्सरी भागात तसा बदल दिसला नाही.

म्हणजे दुसरा बाण सापडला? अर्धाच. सिंग्युलेटमधला ‘नको’ तत्काळ उमटतो. त्यानंतर येतात ते ‘माझ्याच वाट्याला का’, ‘हे आता कधीच थांबणार नाही’ असे विचार; त्यांत प्रीफ्रंटल कॉर्टेक्स (कपाळामागचा, विचार करणारा भाग) आणि स्मृतीचं जाळं ओढलं जातं आणि हा थर दुखणं संपल्यावरही चालू राहतो. सुत्तातला शोक मुख्यतः हाच आहे. 2011 मध्ये दीर्घकाळ झेन, म्हणजे बौद्ध परंपरेतली ध्यानसाधना करणाऱ्यांवर उष्णतेचा प्रयोग झाला. चटका बसताना त्यांच्या मेंदूत इन्सुला, थॅलॅमस, सिंग्युलेट हे भाग इतरांपेक्षा जास्त जागे होते, प्रीफ्रंटल आणि अमिग्डाला (भीतीशी जोडलेला भाग) मात्र शांत. वेदना दडपलेली नव्हती. ती पुरती जाणवत होती, फक्त तिच्यावर मूल्यमापनाची भर पडत नव्हती.

शोक, अपमान, नोकरी जाणं यांनाही हेच लागू पडेल का? घटना पहिला बाण, तिचं रात्रभर चालणारं चर्वण दुसरा. वारंवार नैराश्य येणाऱ्यांसाठी सजगतेवर (माइंडफुलनेस) आधारलेली जी उपचारपद्धती आहे, ती नेमकी या चर्वणावर काम करते.

मात्र ‘ध्यानाने मेंदूची रचनाच बदलते’ असं सांगून शिबिरं विकणाऱ्यांना हात जोडावेत. 2014 साली 47 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाचा माफक फायदा दिसला. व्यायाम किंवा औषधांपेक्षा ते सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. 2022 साली आठ आठवड्यांच्या ध्यान-प्रशिक्षणानंतर मेंदूची मापं काटेकोर घेतली, तर रचनेत फरक आढळला नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांच्या चाचणीत सजगतेचे तास नेहमीच्या शिकवणीपेक्षा उपयुक्त ठरले नाहीत. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता.