झीजकण, पॉलिथिलीन (कृत्रिम सांध्यांतील)

कृत्रिम खुबा वा गुडघा यांतील पॉलिथिलीनचा (एका प्लॅस्टिकचा) भाग झिजून सुटणारे व भोवतालच्या ऊतींत साठणारे सूक्ष्म कण. सैल झालेला सांधा बदलताना त्याच्याभोवतालच्या काढलेल्या ऊतीच्या पटलाच्या तुकड्यांत ते शोधतात.

कृत्रिम खुबा विकसित करणारे ब्रिटिश शल्यविशारद जॉन चार्नली यांच्या टेफ्लॉनच्या वाट्या झपाट्याने झिजल्या; १९६२ च्या अखेरीस त्यांनी अतिउच्च रेणुभाराचे पॉलिथिलीन वापरात आणले. सांध्याभोवतीचे हाड का विरते, याविषयी मात्र एकमत नव्हते. आधी दोष सांधा हाडात घट्ट बसवणाऱ्या सिमेंटवर गेला आणि ‘सिमेंट रोग’ ही संज्ञा रूढ झाली. सिमेंटविना बसवलेल्या सांध्यांतही तसाच ऱ्हास आढळल्यावर हे मत मागे पडले. ऊतींच्या निचऱ्याच्या क्षमतेपेक्षा कण जास्त झाले की विकृती सुरू होते, अशी मांडणी विलर्ट व सेमलिच यांनी १९७७ मध्ये केली होती. काही अभ्यासक सांध्यातील द्रवाच्या दाबाला महत्त्व देतात. दोन्ही कारणे एकत्र काम करीत असावीत, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

सूक्ष्मदर्शी तपासणीसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंजनात हे कण रंगहीन असल्याने सहज निसटतात. ध्रुवित प्रकाशात ते पांढरे चमकतात. मोठे पापुद्रे महाकाय पेशींत दिसतात व ते गुडघ्यात जास्त आढळतात. खुब्यातील बहुतेक कण १ मायक्रॉनहून लहान असतात. ते सुटे दिसत नाहीत, भक्षक पेशीचा पेशीद्रव दाणेदार, मंद उजळ दिसतो एवढेच.

चमकते ते सारे पॉलिथिलीन नव्हे. कोलॅजेनही चमकते, पण त्याच्या लाटदार पट्ट्या असतात. सिमेंट झायलीनमध्ये (मेण उतरवण्याच्या द्रावकात) विरघळून पोकळी उरते, तीत बेरियम सल्फेटचे दाणे सापडतात. धातूचे कण काळे असतात. आम्लधर्मी फॉर्मॅलिनमुळे रक्ताळलेल्या ऊतीत तपकिरी-काळे रंगद्रव्य बनते, तेही चमकते. संपृक्त अल्कोहोली पिक्रिक आम्लाने ते निघते. सर्वांत फसवे पॅराफिन, म्हणजे काप काढण्यासाठी ऊती ज्यात बसवतात ते मेण. मेण नीट उतरले नाही तर तेही चमकते. शिवाय तेही हायड्रोकार्बनच असल्याने अवरक्त वर्णपटात पॉलिथिलीनसारखेच २९१५, २८४८ व ७२० सेंमी.⁻¹ जवळचे पट्टे देते. म्हणून वर्णपट घेण्याआधी झायलीन बदलून पुन्हा मेण उतरवावे. शंका राहिल्यास द्रवणांक पाहावा: मेण ६० अंश से.च्या आसपास वितळते, पॉलिथिलीन १३० च्या पुढे.

ऑइल रेड ओ (चरबी लाल रंगवणारे रंजक) रंजनही उपयोगी आहे, पण ते दीर्घकाळ, सुमारे ४८ तास, करावे लागते. काप पॅराफिनचेच हवेत. गोठवलेल्या कापात ऊतीची चरबीही लाल होते.

कण मोजायचे असतील तर ऊती दाहक (कॉस्टिक) सोड्यात विरघळवतात. पॉलिथिलीनची घनता ०.९३-०.९४ असल्याने ते वर तरंगते. गाळणीची छिद्रे मोठी असली तर सर्वांत बारीक कण निसटतात व सरासरी आकार खोटा मोठा येतो.

मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून हे गाव उपचारांचे केंद्र आहे. जत, आटपाडीकडून येथे नमुना पाठवताना पटलाचे वेगवेगळ्या जागचे तुकडे १० टक्के उदासीन बफर फॉर्मॅलिनमध्ये, ऊतीच्या किमान दहापट द्रवात ठेवावेत. जंतुसंवर्धनाचा तुकडा निर्जंतुक डबीत, फॉर्मॅलिनविना वेगळा द्यावा. चिठ्ठीवर सांध्याचा प्रकार, बसवल्याचे वर्ष, सिमेंट वापरले का आणि चालू प्रतिजैविके लिहावीत. झीजकण सापडल्याने संसर्ग नाकारता येत नाही. उच्च विशालनाच्या पाच क्षेत्रांत प्रत्येकी पाचांहून अधिक न्यूट्रोफिल (संसर्गात वाढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) दिसल्यास तसे अहवालात स्वतंत्र नोंदवावे.