पाण्याखालच्या गुहेत हवेचा तिसरा हिस्सा पुरतो का?

तारकर्लीला किंवा अंदमानला जाऊन स्कूबाचा कोर्स करून आलेले अनेक जण आता नागपुरात भेटतात. समुद्रात हवा संपत आली तर वर येण्याचा मार्ग मोकळा असतो. पाण्याने भरलेल्या गुहेत डोक्यावर खडक असतो आणि जितके आत गेलात तितकेच आडवे परत यावे लागते. हवेचा हिशोब पाण्यात उतरण्याआधीच करावा लागतो तो यामुळे.

अमेरिकन गुहा-डायव्हर शेक एक्सली यांनी 1970 च्या दशकात गुहांतल्या मृत्यूंची कारणे तपासली. तीच तीच कारणे पुढे आली: गुहेचे प्रशिक्षण नाही, बाहेरपर्यंत अखंड दोरी नाही, परतीला पुरेशी हवा नाही, खोली जास्त, दिवे अपुरे. हवेबाबत जो नियम रूढ झाला तो तिसऱ्या हिश्श्याचा: एक तृतीयांश जाताना, एक तृतीयांश येताना, एक तृतीयांश अडचणीसाठी.

आकडे घालून पाहू. जोडसिलिंडरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या 12-12 लिटरच्या दोन सिलिंडरमध्ये, 200 बार दाब असेल, तर ढोबळमानाने 4800 लिटर हवा असते. शांतपणे मिनिटाला 20 लिटर श्वास घेणारा माणूस 20 मीटर खोलीवर, म्हणजे 3 बार दाबात, तिप्पट, मिनिटाला 60 लिटर वापरतो. पहिले 1600 लिटर सुमारे 26 मिनिटे चालतात. आता नेमके सर्वांत आत असताना जोडीदाराची सगळी हवा गेली असे धरा. तुमच्याकडे 3200 लिटर उरले आहेत, दोघांना मिळून मिनिटाला 120 लागतात, म्हणजे 26 मिनिटे. हिशोब जुळला, पण तो कागदावर. हवा गेल्यावर घाबरून श्वास 20 वरून 30 लिटरवर जाणे अगदी साहजिक आहे. मग दोघांना मिनिटाला 180 लिटर लागतात आणि 3200 लिटर 18 मिनिटांच्या आत संपतात. बाहेरची वाट अजून आठ मिनिटांहून जास्त दूर असते.

म्हणून तृतीयांश ही कमाल मर्यादा मानावी. चौथा हिस्सा, म्हणजे 1200 लिटर, वापरून वळलात तर जायला 20 मिनिटे लागतात आणि उरलेले 3600 लिटर घाबरलेल्या दोघांनाही 20 मिनिटे पुरतात. प्रवाह गुहेच्या आत ओढणारा असेल, तर परतताना तो अंगावर येतो आणि हा हिशोबही तोकडा पडतो. जोडीदाराचे सिलिंडर वेगळ्या आकाराचे असेल तर बार पाहून फसू नका, लिटर मोजा: 50 बार म्हणजे जोडसिलिंडरमध्ये 1200 लिटर, पण 11 लिटरच्या एकट्या सिलिंडरमध्ये जेमतेम 550.

आता दोरी. ती विणलेल्या नायलॉनची, साधारण 2 मिलिमीटर जाडीची असते. पहिली गाठ उघड्या पाण्यात, जिथून सरळ वर येता येईल अशा जागी बांधतात. दुसरी गुहेच्या तोंडाच्या जरा आत, म्हणजे पहिली सुटली तरी दोरी राहते. वळणावर दोरी खडकाला वेढून ताणून धरावी लागते. नाहीतर ती सरकून अरुंद फटीत शिरते. दिसत असते तेव्हा याची जाणीवही होत नाही. गाळ उठल्यावर मात्र दोरी हाताने चाचपत येणारा माणूस त्याच फटीशी पोहोचतो, जिथून दोरी जाते पण खांदे जात नाहीत. फाट्यांवर दोरीला लावलेल्या बाणाचे टोक जवळच्या बाहेरच्या वाटेकडे असते, म्हणजे अंधारात बोटांनी चाचपूनही दिशा कळते.

गाळ बहुतेक वेळा डायव्हरच उठवतो. पाय वरखाली मारले की फिनमुळे, म्हणजे पायांतल्या रबरी पंखांमुळे, पाणी तळावर आदळते आणि काही सेकंदांत स्वतःचा हातही दिसेनासा होतो. म्हणून बेडकासारखे पाय मारायला शिकवतात. दिवे तीन, आणि त्यातला एक बिघडला की सगळेच परततात. तोंडातल्या रेग्युलेटरची, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाला देणाऱ्या साधनाची, नळी सुमारे 2.1 मीटर लांब असते, कारण अरुंद जागी हवा वाटून घेताना दोघांना एकामागे एक पोहावे लागते.

समुद्रातला अनुभव इथे पुरत नाही. आधी उजेड दिसतो तेवढ्याच भागाचा कोर्स, मग प्राथमिक गुहा-कोर्स, मग पूर्ण. 2018 मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेली मुले सापडली ती दोन ब्रिटिश गुहा-डायव्हरना. दोघेही हौशी, पण वर्षानुवर्षे हेच करणारे.

नागपूरच्या आसपास बेसॉल्ट आणि त्याहून जुने खडक आहेत. अमेरिकेतल्या फ्लोरिडा किंवा मेक्सिकोतल्या युकातानसारख्या चुनखडीतल्या पाणगुहा इथे नाहीत. पाण्याने भरलेल्या जुन्या खाणी हा त्यांना पर्याय नव्हे: कडा ढासळतात, तळाशी तारा आणि लोखंड असते, आणि काही बिघडले तर मदतीला कोणी नसते. शिवाय शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंचीवर आहे, आणि 300 मीटरच्या वरचे डायव्हिंग उंचीवरचे, वेगळ्या हिशोबाचे धरले जाते.

तरी बरेच काही इथेच बसवता येते. तरणतलावात शरीर आडवे ठेवून, खोलीत अर्ध्या मीटरचाही फरक न पडू देता, मास्क काढून पुन्हा चढवण्याचा सराव करा. बागेत झाडांना वेढे देत 60 मीटर दोरी कमरेच्या उंचीवर बांधा. अंगठा आणि तर्जनी यांचे कडे करून दोरी त्यात धरा, दुसरा हात डोक्यापुढे ठेवा. जाताना डोळे उघडे, येताना दोघांच्याही डोळ्यांवर पट्टी आणि मागच्याचा हात पुढच्याच्या दंडावर. दोन्ही वेळा घड्याळाने मोजा.

समजा येताना दीडपट वेळ लागला. तिसऱ्या हिश्श्यावर वळणाऱ्या जोडीला 40 मिनिटे लागतील आणि घाबरल्यावर हवा 18 मिनिटेही पुरणार नाही. चौथ्या हिश्श्यावर 30 मिनिटांची वाट आणि 20 मिनिटांची हवा. प्राथमिक गुहा-कोर्समध्ये जोडसिलिंडर असूनही सहाव्या हिश्श्यालाच वळवतात: 800 लिटरमध्ये 13 मिनिटे आत, परतीला 20 मिनिटे, आणि उरलेले 4000 लिटर दोघांना 22 मिनिटे पुरतात.