पातेल्यातले दोन थर्मोस्टॅट

भाच्याची गाडी टर्बो पेट्रोल, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) रीमॅप केलेली, म्हणजे जास्त पॉवरसाठी त्याचं ट्यूनिंग बदललेलं. सानपाड्याहून ठाण्याला आला तो हातात एक खोका घेऊनच. "मामा, ८२ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट काढून ७१चा टाकतोय. इंजिन थंड राहिलं की पॉवर वाढते. शिवाय घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये काटा वर जातो, तेही थांबेल."

कंपनीचा जुना ८२चा त्याच्याकडे होताच. मी एक जुनं पातेलं गॅसवर चढवलं, दोन्ही थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवले. तळाला टेकू द्यायचे नाहीत, तळ पाण्यापेक्षा जास्त तापतो. मध्ये थर्मामीटर.

थर्मोस्टॅटमध्ये वीज नाही की कॉम्प्युटर नाही. एका छोट्या पितळी कुपीत मेण भरलेलं असतं. ठरावीक तापमानाला ते वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि झडप उघडते. थंड झालं की स्प्रिंग ती बंद करते. झडप बंद असेपर्यंत कूलंट, म्हणजे इंजिनाची उष्णता वाहून नेणारं पाणी, इंजिनातच फिरतं, उघडली की रेडिएटरकडे जातं.

पाणी सत्तरी ओलांडताच ७१च्या कडेला केसाएवढी फट पडली. ८२चा ढिम्म. थोड्या वेळाने त्यानेही तोंड उघडलं. पाणी ९७ला पोचलं तेव्हा दोन्ही पूर्ण उघडे होते. कुठला कोणता, हे कडेवरचा आकडा वाचल्याशिवाय सांगता येईना.

भाचा गप्प झाला. घोडबंदरच्या कोंडीत त्याच्या स्कॅनरवर कूलंट शंभरीच्या आसपास दिसतं. तिथे दोन्ही झडपा सताड उघड्याच असणार. थर्मोस्टॅट इंजिनाला ठरावीक तापमानाच्या खाली जाऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. वरची मर्यादा रेडिएटर, पंखा आणि समोरून येणारा वारा ठरवतात. माजिवड्याला गाडी उभी असताना वारा कुठला? पंखा ईसीयूच्या हुकमाने चालतो, आणि ती सेटिंग कुणी बदललेली नसते.

मग ७१चा फरक दिसतो कुठे? रात्री मोकळ्या पाम बीच रोडवर. तिथे कूलंट खरोखर सत्तरीत राहील. याचा फायदा अगदीच खोटा नाही. टर्बो पेट्रोल इंजिनात सिलिंडरच्या भिंती फार तापल्या, तर ठिणगीने पेटवलेली ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. हेच नॉकिंग. सेन्सर ते ऐकतो, ईसीयू ठिणगी उशिरा पाडतो आणि पॉवर घटते. भिंती थंड असल्या तर ठिणगी वेळेवर पाडता येते. आत येणारी हवा ४०वरून ३० अंशांवर आली तर ती साधारण ३ टक्के दाट होते आणि पॉवरला मदत होते, हेही खरं. पण इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांमधून, हवा क्षणार्धात निघून जाते, कूलंट थंड केल्याने ती १० अंश उतरत नाही. थोडक्यात, ट्यूनिंग नॉकिंगपाशी अडलेलं असेल तरच काही हाती लागतं.

किंमत मोजतं ते ऑइल. थंड ऑइल जाड राहतं, घर्षण वाढतं. ज्वलनातून आलेली वाफ आणि थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ते उडून जायला उष्णता लागते. सानपाडा ते वाशी असं चार किलोमीटरचं ऑफिस, त्यात पावसाळा: ऑइलच्या झाकणाला आतून दुधावरच्या सायीसारखा थर धरतो. काही गाड्यांत ईसीयूला इंजिन अजून तापलंच नाही असं वाटत राहतं, मग पेट्रोल जास्त सोडलं जातं किंवा पी०१२८ हा 'कूलंट पुरेसं तापत नाही' असा कोड येऊन चेक इंजिनचा दिवा लागतो.

"गाडी तापते? व्हॉल्व्हच काढून टाकू," म्हणजे थर्मोस्टॅटच नको, हा गॅरेजातला तोडगा तर आणखी वाईट. बऱ्याच इंजिनांत तोच थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की काही कूलंट रेडिएटर टाळून आतल्या आत फिरतं आणि गाडी उलट जास्त तापू शकते.

भाच्याला हवं ते काही कंपन्या आधीच देतात. त्यांच्या थर्मोस्टॅटच्या मेणात छोटा हीटर असतो. सावकाश चालवताना ईसीयू इंजिन शंभरीपलीकडे गरम ठेवतो, त्याने इंधन वाचतं. ॲक्सिलरेटर दाबला की हीटर मेण वितळवून झडप लवकर उघडतो.

कोंडीतल्या तापण्याचा इलाज रेडिएटरकडे होता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बंपर काढून एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये हलक्या धारेने पाणी सोडलं. मेट्रोच्या कामाची धूळ, पानं, किडे, सगळं गढूळ होऊन खाली आलं. संध्याकाळी त्याच कोंडीतून त्याने स्कॅनरचा फोटो पाठवला: ९४. ७१चा थर्मोस्टॅट माझ्याकडेच पडून आहे, आणि ते पातेलं बायकोने स्वयंपाकघरात परत घेतलेलं नाही.