टर्बो इंजिनाची उष्णता: कुठे राखायची, कुठे अडवायची

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातील साधारण एक तृतीयांश ऊर्जा उपयोगी कामात उतरते आणि जवळपास तेवढीच ऊर्जा तप्त वायूंबरोबर एक्झॉस्टमधून निघून जाते. उरलेली मुख्यतः कूलंट आणि ऑइल वाहून नेतात. त्यामुळे 500 अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे 370 किलोवॅटचे इंजिन पूर्ण जोरावर चालत असते, तेव्हा जवळपास तितक्याच शक्तीचा उष्णतेचा प्रवाह बॉनेटखालच्या अरुंद जागेतून जात असतो. या प्रवाहाकडे निव्वळ संकट म्हणून पाहिले, तर टर्बो गाडीची रचना चुकते.

टर्बोचार्जर, म्हणजेच टर्बो, एक्झॉस्ट वायूंनी टर्बाइनचे चक्र फिरवतो आणि त्याला जोडलेल्या कॉम्प्रेसरने इंजिनात जादा हवा दाबतो. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूची यांनी 1905 मध्ये ज्या या कल्पनेचे पेटंट घेतले, तिचा आधारच वाया जाणारी ही ऊर्जा आहे. वायू टर्बाइनपर्यंत जितके गरम आणि दाबाखाली पोहोचतील, तितके अधिक काम ते चक्राकडून करून घेतात. म्हणून सिलिंडर ते टर्बाइन या टप्प्यात उष्णता नळीच्या आत राखणे फायद्याचे, तर नळीबाहेरच्या प्रत्येक वस्तूपासून ती दूर ठेवणे आवश्यक असते.

पूर्ण भारावर पेट्रोल इंजिनाच्या एक्झॉस्ट वायूंचे तापमान 900 अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते. पिस्टनचे मुख्य द्रव्य असलेले शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांवर वितळते. त्यामुळे मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेणारे टर्बाइनचे चक्र इन्कोनेलसारख्या निकेलप्रधान मिश्रधातूचे करावे लागते. प्रसरणाचाही प्रश्न असतो. ऑस्टेनिटिक स्टेनलेस स्टीलची एक मीटर नळी 800 अंशांनी तापली की सुमारे 14 मिलिमीटरने लांबते, आणि तिला हलायला वाव नसेल तर वेल्डिंगजवळ तडा जातो. म्हणूनच अशा नळ्यांमध्ये घडीदार लवचीक जोड आणि सरकते सांधे ठेवतात.

तापलेल्या धातूपासून आजूबाजूला पोहोचणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा प्रारणाचा असतो, आणि प्रारण निरपेक्ष तापमानाच्या (उणे 273 अंश सेल्सिअसपासून मोजलेल्या) चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. पृष्ठभागाचे तापमान 450 वरून 900 अंशांवर गेले, तर उत्सर्जन दुप्पट नव्हे, सुमारे सातपट होते. लालभडक झालेल्या टर्बाइनच्या कवचाचा तळहाताएवढा, म्हणजे सुमारे 100 चौरस सेंटिमीटरचा भागही जवळपास 850 वॅट उष्णता फेकत असतो. शेजारी वायरिंग, रबरी नळ्या, ब्रेक फ्लुइडची टाकी असे नाजूक भाग असतात. त्यांच्या आणि कवचाच्या मध्ये चकचकीत धातूचा पत्रा थोडे अंतर राखून बसवला, तर तो बरेचसे प्रारण परतवतो आणि मधून वाहणारी हवा उरलेली उष्णता घेऊन जाते. मॅक्लारेन एफ1 या गाडीच्या इंजिनाला टर्बो नव्हता, तरी त्याच्या कप्प्याला सोन्याचा पातळ पत्रा लावलेला होता, कारण सोने अवरक्त किरण उत्तम परावर्तित करते.

नळ्यांवर काचतंतूंची किंवा बेसॉल्टची पट्टी गुंडाळण्याचा उपाय लोकप्रिय आहे, पण माझ्या मते तो सरसकट वापरू नये. पट्टीखालचा धातू अधिक तापतो, तिच्यात ओलावा साचतो आणि हलक्या प्रतीचे पोलाद लवकर गंजते किंवा चिरते. उष्णता सोसणारे उत्तम स्टील असेल, तरच ती शोभते. सिरॅमिकचा लेप आणि टर्बाइनवरचे मापाचे उष्णतारोधक आवरण हे त्यापेक्षा नेटके पर्याय आहेत.

उष्णता मुळातच कमी निर्माण करणे मात्र यांहूनही महत्त्वाचे आहे, आणि त्याची सुरुवात हवा आत येण्यापासून होते. कॉम्प्रेसर हवेचा दाब दुप्पट करतो, तेव्हा 25 अंशांची हवा सहज 100 अंशांच्या वर जाते. तशीच ती सिलिंडरमध्ये गेली तर नॉकिंगचा, म्हणजे इंधनमिश्रण आपोआप भडकण्याचा, धोका वाढतो, नियंत्रण यंत्रणा ठिणगी उशिरा टाकते, ज्वलन लांबते आणि अधिक तापलेले वायू टर्बाइनवर आदळतात. म्हणजे ही दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या कमकुवतपणाचा फटका शेवटी एक्झॉस्टलाही बसतो. जादा पेट्रोल देऊन तापमान उतरवता येते. मात्र त्यात इंधन वाया जाते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. बीएमडब्ल्यूने एम4 जीटीएसमध्ये आत येणाऱ्या हवेत पाण्याचा फवारा देऊन हाच परिणाम साधला. काही आधुनिक इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतील वायू एकत्र आणणारा नळ्यांचा भाग) सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो, त्यामुळे वायू टर्बाइनपूर्वीच कूलंटमुळे थोडे निवतात. टर्बाइनची थोडी ऊर्जा गमावून तिचे आयुष्य वाढवणारी ही तडजोड मला योग्य वाटते.

एक धोका इंजिन बंद केल्यानंतरही राहतो. ऑइलचा प्रवाह थांबतो, पण तापलेल्या कवचातील उष्णता बेअरिंगकडे सरकत राहते आणि तेथे अडकलेले ऑइल करपून कडक थर जमतो. पाण्याने थंड होणाऱ्या टर्बोमध्ये कूलंट नैसर्गिक अभिसरणाने फिरत राहून ही उष्णता काढून घेते, तर काही गाड्यांत त्यासाठी विजेवरचा स्वतंत्र पंप चालू राहतो. अशी सोय नसेल, तर जोरात गाडी चालवल्यानंतर शेवटची काही मिनिटे ती हळू चालवावी, म्हणजे तुलनेने थंड वायू आणि वाहते ऑइल टर्बाइनला निववतात आणि मगच इंजिन बंद होते.