मंगळ एका रात्रीत दिसत नाही

दुर्बिणीतून पहिल्यांदा मंगळ पाहणाऱ्याला दिसतो तो थरथरणारा नारिंगी ठिपका. दोष बहुतेक वेळा दुर्बिणीचा नसतो. वेळ चुकलेली असते, किंवा दोन मिनिटांत डोळा काढून घेतलेला असतो.

वेळ आधी पाहू. मंगळाची प्रतियुती, म्हणजे पृथ्वी सूर्य आणि मंगळ यांच्या मध्ये येऊन मंगळ मोठा दिसण्याची वेळ, सुमारे ७८० दिवसांनी येते. पुढची १९ फेब्रुवारी २०२७ रोजी आहे. तेव्हा बिंबाचा व्यास जेमतेम १३.८ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) असेल. ऑगस्ट २००३ मध्ये तो २५ विकला होता. म्हणजे ही प्रतियुती लहानच, पण महाराष्ट्रातून ती सोडू नये. मंगळ मघा ताऱ्याच्या थोडा उत्तरेला असेल आणि रात्री पाऊणच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येईल, त्यामुळे हवेचा सर्वांत कमी थर मध्ये राहील. डॉब्सन माउंट (दुर्बिणीची हाताने फिरवायची साधी बैठक) मात्र थेट डोक्यावर नीट वळत नाही. त्यासाठी दहा-साडेदहाची किंवा दोननंतरची वेळ बरी. प्रतियुतीच्या आधी-नंतरचा दीडेक महिना कामाचा असतो.

६ इंची, १२०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला ६ मिमीची आयपीस (डोळ्याकडचं भिंग) लावली की २०० पट वर्धन मिळतं. एवढ्या वर्धनाला मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राच्या दीडपट भासतो, तरी तपशील पुसट राहतो. कारण बहुधा उष्णता. दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत गरम हवा सोडत राहतो, आणि घरातून नुकताच बाहेर आणलेला दुर्बिणीचा आरसाही. दुर्बीण पाऊण तास आधी बाहेर ठेवा. जमलं तर मातीच्या किंवा गवताच्या जागेवर. बिंब डोळे दिपवत असेल तर नारिंगी फिल्टर लावा, काळे पट्टे उठून दिसतात. लहान दुर्बिणीला गडद लाल फिल्टर नको, प्रकाशच उरत नाही.

मग किमान वीस मिनिटं बघत राहा. हवा क्षणभर स्थिर होते आणि तेवढ्यात सर्टिस मेजर या मंगळावरच्या गडद प्रदेशाचा काळा त्रिकोण स्पष्ट दिसून जातो. १६५९ मध्ये डच शास्त्रज्ञ ह्यूजेन्सने तोच कागदावर काढला आणि मंगळाचा दिवस आपल्याएवढाच असल्याचं ताडलं. तो दिवस २४ तास ३७ मिनिटांचा आहे. म्हणून आज दहाला मध्यावर दिसलेला भाग उद्या साधारण दहा सदतीसला तिथे येतो. रोज एकाच वेळी पाहिलं तर सारा गोल नजरेखालून जायला साडेपाच-सहा आठवडे लागतात.

कागदावर ५ सेंमीचं वर्तुळ काढून त्यात आधी ध्रुवावरची पांढरी टोपी, मग काळे भाग भरा. वेळ मिनिटापर्यंत लिहा. न्यूटोनियन (आरशाच्या) दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, तेव्हा दिशा ठरवायला दुर्बीण हलवू नका: मंगळ ज्या कडेने दृश्याबाहेर सरकतो ती पश्चिम. २०२७ मध्ये उत्तर ध्रुव आपल्याकडे कललेला असेल. म्हणून सर्टिस मेजर मध्यावर असताना दक्षिण कडेला पांढरं काही चमकलं, तर ती टोपी समजू नका. ते बहुधा हेलासचं खोरं असतं, हिम आणि ढगांनी पांढरं झालेलं.

मंगळाचा नकाशा चित्र पुरं झाल्यावरच उघडा, नाहीतर डोळा त्यातलंच पाहू लागतो. इटालियन खगोलशास्त्रज्ञ शियापारेल्लीने १८७७ मध्ये रेखलेल्या सरळ रेषांना लोक पुढे कालवे समजू लागले. १९०९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ आंतोनियादीने पॅरिसजवळच्या म्यूदों वेधशाळेच्या ८३ सेंमी दुर्बिणीतून पाहिलं, तेव्हा त्या रेषांच्या जागी वेडेवाकडे, तुटक डाग दिसले. अंधूक ठिपके जोडून रेघ ओढायची डोळ्याची सवय लहान दुर्बिणीवर जास्तच फसवते. जे दुसऱ्या स्थिर क्षणीही दिसलं, तेवढंच काढा.