फ्रेंच क्वार्टरमध्ये वाळवी शिरली कशी?

मे महिन्यात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात दिवस मावळला की रस्त्यावरच्या दिव्यांभोवती पंख फुटलेल्या वाळवीचे थवेच्या थवे गरगरू लागतात. घरातले दिवे मालवून बसणारी कुटुंबं तिथे आहेत. सकाळी खिडकीच्या चौकटीत गळून पडलेल्या पंखांचा थर साचलेला असतो.

ही वाळवी मूळची तिथली नाही. दक्षिण चीन आणि तैवान हे तिचं माहेर. तिला फॉर्मोसन वाळवी म्हणतात; हे नाव तैवानच्या ‘फॉर्मोसा’ या जुन्या नावावरून पडलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर पॅसिफिकमधून लष्करी सामान परतलं, त्याच्या लाकडी खोक्यांतून आणि फळ्यांतून ती अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बंदरांत उतरली, असं मानलं जातं. लक्षात मात्र आलं फार उशिरा: 1965 मध्ये ह्यूस्टनला, 1966 मध्ये न्यू ऑर्लिन्स ज्या राज्यात आहे त्या लुइझियानात. तोवर तिने मुळं रोवली होती. तिच्या एका वसाहतीत लाखो कीटक असतात. माती, लाळ, विष्ठा आणि चघळलेलं लाकूड कालवून ती भिंतींच्या पोकळीत आणि जिवंत झाडांच्या खोडातही घरटं करते. वरून रंग शाबूत असतो, बोट दाबलं की आत जातं.

इतकी वर्षं लोक निर्धास्त राहिले, त्याचं एक कारण क्लोरडेन हे कीटकनाशक. पायाखालच्या मातीत ते एकदा ओतलं की घर वर्षानुवर्षं सुरक्षित राहायचं. पण त्याने फक्त ते घर वाचत होतं. बाहेरच्या झाडांमधली वाळवी वाढतच होती. तेच विष माणसाच्या आरोग्यालाही घातक ठरल्यामुळे 1988 मध्ये अमेरिकेत त्याची विक्री थांबली.

फ्रेंच क्वार्टर ही न्यू ऑर्लिन्सची जुनी वस्ती. तिथल्या जुन्या इमारती आपल्या पेठांमधल्या वाड्यांसारख्या भिंतीला भिंत लावून उभ्या आहेत. एकाने औषध मारलं की वाळवी शेजाऱ्याकडे सरकते. म्हणून 1998 मध्ये केंद्रीय कृषी खात्याने ‘ऑपरेशन फुल स्टॉप’ हाती घेतलं आणि घराऐवजी अख्खी वस्ती धरून उपचार सुरू केले. मला या साऱ्या इतिहासातलं खरं वळण हेच वाटतं.

त्यासाठी लागणारं एक हत्यार तोवर तयार झालं होतं. मूळचे तैवानचे, फ्लोरिडा विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ नान-याओ सू यांच्या संशोधनातून आलेलं हेक्झाफ्लुम्युरॉन या रसायनाचं आमिष 1995 मध्ये बाजारात आलं होतं. ते खाल्लेली कामकरी वाळवी लगेच मरत नाही. ती घरट्यात परतते, तोंडाने इतरांना भरवते आणि पुढे कात टाकायची वेळ आली की एकेक कीटक दगावतो. क्वार्टरमधले थवे त्यामुळे बरेच विरळ झाले. पुढे केंद्राचा निधी थांबला आणि राखण पुन्हा घरमालकांच्या गळ्यात आली. मे महिन्यातले थवे आजही येतात.