‘ना’ कुठे बसतो त्यावर सगळं आहे

व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी "येते ना" असं लिहिलं तर ती येणार आहे, आणि "येईना" लिहिलं तर कोणीतरी काही केल्या येतच नाहीये. अक्षर तेच, ना. एकदा आर्जव, एकदा नकार. "सांग ना" मधे लाडीगोडी आहे, "सांगवेना" मधे घसा दाटून आलाय. परभाषेतल्या माणसाला मराठी शिकवताना मला हे समजावायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण आपण हे कधी शिकलोच नाही, आईच्या तोंडून ऐकत आलो.

पण हा गोंधळ आजचा नाहीये, थेट ऋग्वेदापासूनचा आहे. विष्णूच्या सूक्तात (१.१५४) "मृगो न भीमः कुचरो गिरिष्ठाः" अशी ओळ येते. संस्कृत थोडंफार येणारा माणूस पटकन म्हणेल, 'भयंकर पशू नव्हे'. तर तसं नाही, इथे न म्हणजे 'सारखा', डोंगरात हिंडणाऱ्या भयंकर पशूसारखा विष्णू! म्हणजे नकाराचा शब्द आणि उपमेचा शब्द एकच. मग ओळखायचं कसं? वेदातल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या यास्काने आपल्या निरुक्त या ग्रंथात हेच सांगून ठेवलंय, की लोकांच्या बोलण्यात न फक्त नकाराचा पण वेदात दोन्ही, आणि ज्याला नाकारायचं त्याच्या आधी न येतो, ज्याची उपमा द्यायची त्याच्या नंतर येतो. उदाहरणही काय छान दिलंय, "दुर्मदासो न सुरायाम्", दारू पिऊन झिंगलेल्यांसारखे. इतक्या जुन्या काळी एका अक्षराच्या जागेचा एवढा बारीक विचार केला गेला याचं मला खरंच फार अप्रूप वाटतं.

पुढे उपमेचा न गेला, नकाराचा राहिला. नाही, नको, नये, नव्हे, सगळ्यांच्या तोंडाशी तोच. ज्ञानेश्वरीत पानोपानी "नातरी" भेटतो, म्हणजे 'किंवा', 'नाहीतर', माउली एक दृष्टांत देऊन झाला की नातरी म्हणून लगेच दुसरा काढतात. आणि "तू आलास ना?" मधला ना माझ्या मते मूळचा नकारच आहे, 'आलास, की नाही?' असं विचारता विचारता झिजून तेवढाच उरला.

युरोपातही हेच कुळ पसरलंय. लॅटिनचा नॉन, इंग्रजीचा नो आणि नॉट, फारसीचा न, सगळे एकाच जुन्या मुळाचे. रशियन न्येत फोडला तर न अधिक 'आहे', म्हणजे आपल्या नास्तिसारखीच जोडणी. पण ग्रीसमधे जपून, तिथे 'ने' म्हणजे चक्क हो. कोरियातही 'ने' म्हणजे हो, जपानीत वाक्याच्या शेवटी 'ने' लावतात तो बराचसा आपल्या ना सारखाच, 'छान आहे ना?' असा, पण या दोघांचं आपल्याशी नातं काही नाही, नुसता आवाज जुळलाय. तेलुगूत 'ना' म्हणजे माझा, माझी. ना पेरू म्हणजे माझं नाव, पेरूचा संबंध नाही.

आपल्याला सगळ्यात जवळचा चकवा मात्र गोव्यात लागतो. तिथे ना हे अख्खं क्रियापद आहे, 'नाही'. म्हापशाच्या बाजारात कुणा आजींना बस कुठून सुटते विचारलं आणि त्या "म्हाका खबर ना" म्हणाल्या तर मराठी कानाला वाटतं, यांना खबर आहे ना, आता सांगतील, आणि आपण तिथेच थांबून राहतो. आजींनी तर उत्तर देऊन टाकलेलं असतं, 'मला माहीत नाही'.